जिभेवर न आलेला कण

गिरजाबाई तंबाखू खात नव्हती. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धानाच्या रोवणीला वाकलेल्या बायकांच्या रांगेत अशी बाई शोधावी लागते. तिने लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तंबाखू सोडली, कारण सासूने, केसरबाईने, तिला एक काम शिकवलं आणि त्या कामाला तोंड स्वच्छ लागायचं. डोळ्यात गेलेला कचरा ती जिभेने काढायची.

धान चुरताना, वाऱ्यावर उडवताना तूस डोळ्यात जातं. एकदा अडकलं की माणूस आंधळ्यासारखा बांधावर बसून राहतो. तो गिरजाबाईकडे यायचा. ती तीन वेळा चूळ भरायची, त्याला उजेडाकडे तोंड करून बसवायची, दोन बोटांनी पापण्या फाकवायची आणि जिभेचं टोक बुबुळावरून, मग वरच्या पापणीच्या आतून फिरवायची. शेवटी तळहातावर थुंकून तो कण त्याला दाखवायची. "निघालं, पाह्य." कण दाखवल्याशिवाय काम पुरं होत नसे. यात मंत्र नव्हता, अंगारा नव्हता. छप्पन साली त्या घराने दीक्षा घेतली तेव्हाच अंगारे गेले होते. केसरबाई म्हणायची, "पानी न् जीभ, बस." कुणाकडून काही घ्यायचं नाही, हाही नियम तिचाच.

गावातल्या ज्या घरांना गिरजाबाईच्या हंड्यातलं पाणी चालत नव्हतं, त्या घरांतल्या माणसांना तिची जीभ डोळ्यात चालत होती. ते यायचे, बसायचे, डोळा पुसायचे आणि तहान लागली तर आपल्या विहिरीवर जायचे. गिरजाबाईने यावर कधी काही म्हटलं नाही. मी म्हणतो आहे.

केसरबाईने आणखी एक गोष्ट शिकवली होती. कधीकधी जिभेवर काहीच येत नाही. तूस आसवांबरोबर आधीच वाहून गेलेलं असतं, मागे नुसतं खुपणं राहतं. माणसाला ते पटत नाही. तो डोळा चोळत बसतो आणि चोळून खराब करतो. अशा वेळी नखाखालचा एखादा कण तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचं, निघालं. माणूस शांत होतो, हात खाली घेतो, सांजेपर्यंत डोळा आपोआप बरा होतो. तुसाच्या बाबतीत हे दर वेळी खरं ठरलं होतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्याचा सगळा दोष गिरजाबाईने या एका गोष्टीवर ठेवला. मी तो तिथे ठेवायला तयार नाही.

ब्याऐंशी साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवे साहेब, आणि साहेबांना घरं पाहिजेत, तीही ताबडतोब. विटा भाजायच्या, गवंड्यांनी रचायच्या, पावसाळ्यात थांबायचं, इतका वेळ कुणाला नव्हता. मग नागभीडच्या बाहेरच्या माळावर एका कंपनीने यार्ड टाकलं. तिथे घरं बनत नसत, भिंती बनत. लोखंडी साच्यात सळया बांधायच्या, काँक्रीट ओतायचं, घट्ट झालं की खिडकीच्या भोकासकट अख्खी भिंत क्रेनने उचलायची, ट्रकवर उभी करून गडचिरोलीला न्यायची आणि तिथे वेल्डिंगने एकीला एक जोडायची. फाटकावरच्या पाटीवर लिहिलं होतं : अठ्ठावीस दिवसांत घर. पुढे सरकारी नोकरीत असताना मी अशाच एका घरात तीन वर्षं राहिलो. लोक बघायला येत, भिंतीवर बोटांनी टकटक करत आणि म्हणत, कमाल आहे. मीही म्हणत असे.

मातीचं घर बांधताना डोळ्यात माती जाते. आसवं तिला धुऊन काढतात. या तयार भिंतींच्या कामात डोळ्यात जे जायचं ते वेगळं होतं. भिंत उचलली की साच्याला काँक्रीट चिकटून राही. ते छिन्नीने उडवायचं, साचा तारेच्या ब्रशने घासायचा, त्याला जळकं ऑइल फासायचं. हे बायकांचं काम. भिंतीच्या कडेला जोडासाठी ठेवलेल्या लोखंडी पट्ट्या ग्राइंडरने घासून साफ करायच्या, हे पुरुषांचं. दिवसभर टणक खपल्या आणि तापलेलं लोखंड तोंडाच्या उंचीवर उडत असे. गिरजाबाई साचे घासायला लागली. तिच्याच गल्लीतला लटारू ग्राइंडरवर लागला. तिशीच्या आतला, चेष्टेखोर पोरगा. तिला काकी म्हणायचा.

पहिल्याच आठवड्यात एका मिस्त्रीच्या डोळ्यात खपली गेली. यार्डाचा सुपरवायझर कोत्तावार त्याला दवाखान्यात न्यायला जीप काढत होता. तेवढ्यात गिरजाबाईने हात धुतले, चूळ भरली आणि दोन मिनिटांत खपली तळहातावर ठेवली.

कोत्तावार कमरेवर हात ठेवून हसला. "वा वो बाई! आन् मी फुकट जीप काढून राह्यलो होतो."

दुसऱ्या दिवशी मोहाच्या झाडाखाली एक स्टूल आलं. कुणी डोळा धरून आला की कोत्तावार ओरडायचा, "गिरजाबाई, गिऱ्हाईक!" ती ब्रश ठेवून उठायची. दिवसाला दोन, कधी चार. ती जेवढा वेळ स्टुलापाशी असे तेवढे साचे मागे पडत, म्हणून संध्याकाळी तिला उशिरापर्यंत थांबावं लागे.

वेल्डर नईम नागभीडच्या बाजारातला. त्याची काळी काच त्याची स्वतःची होती. ती तो रुमालात गुंडाळून डब्याशेजारी ठेवायचा, कुणाला हात लावू देत नसे. तो एकदा गिरजाबाईला म्हणाला, "बाई, हे धान नाई. लोहा गरम ऱ्हायते, अंदर घुसते. जीभ कशी पोचन तिथं?"

"आतापावतर तं पोचली नईमभाऊ."

"आतापावतर," नईम म्हणाला आणि काच पुसत बसला.

आणि यार्डात चष्मे होते. हे मला ठासून सांगितलं पाहिजे, कारण ऐकणाऱ्याला वाटतं, गरीब मुलूख, आडवळणाचं काम, चष्मे कुठून असणार. होते. यंत्रांबरोबर नागपूरहून खोकं आलं होतं, कडेला जाळी असलेले जाड काचेचे चष्मे. ते ऑफिसातल्या लोखंडी कपाटात होते आणि कपाटाला कुलूप होतं. कोत्तावारचं म्हणणं, मजूर ते बाजारात विकतील, नाहीतर काचांना ओरखडे पाडतील. कंपनीचे मोठे साहेब दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा सकाळी चष्मे वाटले, फोटो निघाले, आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडताच कोत्तावार खोकं घेऊन रांगेतून फिरला. एकेक चष्मा पुसून, कागदात गुंडाळून परत.

दुसऱ्या वेळी फोटोसाठी पुरुष कमी पडले, म्हणून दोन बायकांनाही लावले. साच्यांवरची सोनीबाई गिरजाबाईकडे पाहून पोट धरून हसली. "अवो गिरजे, तू तं मोटरसायकलवाली दिसून राह्यली!"

"बस मंग मांगं," गिरजाबाई म्हणाली. "कुठी सोडू तुले? चांद्याले?"

लोक बरेच दिवस हे सांगून हसत.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, एका दुपारी, लटारू ग्राइंडर सोडून डाव्या डोळ्यावर तळहात दाबत स्टुलाकडे आला. "काकी, मोठं गेलं वाटते."

गिरजाबाईने पापण्या फाकवल्या, जीभ फिरवली. काही आलं नाही. पुन्हा फिरवली. बुबुळाच्या कडेला जिभेला काहीतरी खरखरीत लागलं. तूस हललं असतं. हे हललं नाही. तिसऱ्यांदा फिरवली, पुन्हा तेच. लटारू ओरडला. मागून कोत्तावारचा आवाज आला, "झालं का नाई? ट्रक उभा हाय."

तिने नखाखालचा सिमेंटचा कण तळहातावर ठेवला. "निघालं, पाह्य."

लटारूने उजव्या डोळ्याने पाहिलं. "एवढुसं? मले वाटे, भिंतच गेली." तो हसला आणि पाणावलेला डोळा घेऊन पुन्हा ग्राइंडरवर गेला.

तो तिच्या शब्दावर गेला. दोन दिवस डोळा लाल होता. बायको रुखमा म्हणाली, दवाखान्यात चला. तो म्हणाला, काकीनं काढलं, मी स्वतः पाह्यलं, आता नुसतं खुपते. चौथ्या दिवशी बुबुळ पांढुरकं झालं. पाचव्या दिवशी त्याला उभं राहवेना, तेव्हा नईमने त्याला नागभीडला नेलं, तिथून चंद्रपूरला. लोखंड डोळ्याच्या आत जाऊन बसलं होतं आणि भोवती पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी आला असता तर पाहता आलं असतं. आता डोळा काढावा लागेल. काढला.

लटारू घरी आल्यावर गिरजाबाई त्याच्याकडे गेली. दारातच बसली. रुखमाने चहा ठेवला. तिला वाटलं, बाई विचारपूस करायला आली.

"चहा नोको," गिरजाबाई म्हणाली. "लटारू, त्या दिवशी काई निघालं नव्हतं. मी नखातला कन दाखवला तुले."

रुखमाच्या हातात फुंकणी होती. ती तशीच राहिली. "काय म्हनता?"

"निघालं नव्हतं. जिभेले लागलं, पन हललं नाई. मले वाटलं, आपोआप जाईन."

"तुमाले मालूम होतं? पाच रोज मी त्याले दवाखाना दवाखाना करून राह्यली, आन् तो मले म्हने, काकीनं काढलं!" रुखमा उठली. "जा तुमी इथून. जा म्हनतो ना!"

लटारू भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो इकडे वळला. मग म्हणाला, "काकी, अजून किती जनायले असे दाखवले?"

गिरजाबाईला आकडा माहीत नव्हता. ती घरी आली. यार्डात साठ माणसं होती, म्हणजे एकशे वीस डोळे, आता एकशे एकोणीस. ते सगळे तिच्या जिभेच्या भरवशावर उघडे होते आणि तिची जीभ लोखंडाला पुरत नव्हती, हे तिला त्या दिवशी कळलं. नईमला ते आधीच माहीत होतं. कोत्तावारलाही माहीत असावं, नाहीतर फोटोच्या दिवशी तो चष्मे कशाला वाटत होता?

दुसऱ्या दिवशी तिने स्टूल उचलून ऑफिसच्या दारात ठेवलं आणि साचे घासायला बसली. दहाच्या सुमारास श्रीहरी आला. तो साच्यांवरचा मिस्त्री, तिच्याच गावच्या वरच्या आळीतला. डोळा गच्च मिटलेला.

"गिरजाबाई, पाहा लवकर."

"पान्यानं धुऊन देतो. जीभ लावत नाई."

तिने धुतला. निघालं नाही.

"लाव ना जीभ! काऊन नखरे करून राह्यली?"

"दवाखान्यात जाय श्रीहरी."

"तीन मैल जाऊ, डोरा धरून? लटाऱ्याले जीभ लावली, आमाले काऊन नाई? आपल्याच लोकायले लावते काय?"

"लटारूले लावली म्हनूनच तुले लावत नाई," ती म्हणाली. "कपाटात चष्मे हायेत. कोत्तावारले माग. मले नोको मागू."

तो शिव्या देत गेला. दुपारी आणखी दोघे आले. एकाने पाय धरले. ती तोंड फिरवून ब्रश चालवत राहिली. ज्या बाईने आयुष्यात कुणाला डोळा धरून परत पाठवलं नव्हतं, तिला त्या दिवशी तोवरच तीन वेळा ते करावं लागलं होतं. सोनीबाईसुद्धा म्हणाली, "असं नोको करू वो, माणुसकी ऱ्हायते का नाई?" चौथा आला तेव्हा तिने ब्रश इतका जोरात ओढला की तार तुटून तिच्या स्वतःच्या गालाला लागली. बोटभर वर लागली असती तर काय, हा विचार त्या वेळी सोनीबाईच्या मनात आला. ती पुढे कित्येकांना हे सांगायची.

जो दवाखान्यात गेला तो त्या दिवशी परत येत नसे. दुसऱ्या दिवशी पाच गेले, तिसऱ्या दिवशी सकाळीच चार. ट्रक उभे राहिले. गडचिरोलीहून निरोप आला, भिंती कुठे आहेत. अठ्ठावीस दिवसांचा हिशोब असा होता की त्यात माणसाचा एक डोळा मावत होता, पण ट्रकचा एक दिवस मावत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोत्तावार साच्यांपाशी आला. सगळे ऐकतील असा बोलला. "हे पाहा बाई, पहिलेसारखं काम करा, नाईतर मले लिहून द्यावं लागन. लटारूचा डोरा तुमच्या त्या घान जिभेनं सडला. गावठी जादूटोणा केला तुमी. पोलिस येतीन."

गिरजाबाई उभी राहिली. ऑइलने माखलेले हात तिने लुगड्याला पुसले नाहीत, तसेच पुढे धरले.

"लिहा. मी खोटं बोलली हेबी लिहा. निघालं म्हनलं, आन् निघालं नव्हतं. नखातला कन दाखवला. माहा हात, माही जीभ. लिहा. घान म्हनता? सहा महिने ह्याच जिभेले तुमी गिऱ्हाईक पाठोलं. तवा घान नव्हती?" तिचा आवाज चढला तसे क्रेनवाल्याने इंजीन बंद केलं. "आन् हे सारं लिहून झालं का, खाली लिहा, कपाटात चष्मे होते. फोटोत हायेत ते. मीबी हाय फोटोत."

मजुरांना नखातल्या कणाची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा कळली. ज्यांना ज्यांना तिने कधी कण दाखवला होता ते सगळे आपापल्या डोळ्यांबद्दल विचार करत उभे होते. श्रीहरी डोळ्याला पट्टी बांधून त्याच दिवशी कामावर आला होता. तो पुढे सरकला. नईमने वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला.

"कपाट खोला साहेब."

"तुझं काय जाते बे? तुझ्यापाशी काच हाय ना?"

"हाय. म्हनूनच दिसून राह्यलं मले."

दोघे-तिघे हसले. त्या हसण्यानेच कोत्तावारचा धीर गेला असावा. तो ऑफिसात गेला आणि खोकं आणून फेकल्यासारखं ठेवलं. तेवीस चष्मे निघाले. त्याने ग्राइंडरवाल्यांना दिले, मिस्त्र्यांना दिले, क्रेनवाल्यालाही दिला.

"बायायचे?" गिरजाबाईने विचारलं.

"बायका नुसते साचे घासतेत. त्यायले कायले चष्मे?"

सोनीबाईने आपला ब्रश ऑइलच्या पिंपात टाकला. मग तिच्या पलीकडच्या बाईने टाकला. पिंपात आठ ब्रश पडले. साचे घासले गेले नाहीत तर भिंत ओतता येत नाही, हे कोत्तावारला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सोमवारी नागपूरहून दुसरं खोकं आलं.

मंगळवारी फाटकावर नावं पुकारली तेव्हा गिरजाबाईचं नाव आलं नाही. तिने कारण विचारलं नाही. रांगेतली सगळी माणसं आत जाईपर्यंत ती कुंपणाबाहेर उभी राहिली. बायकांनी चष्मे लावले का, ते तिने पाहिलं. एकीने कपाळावर चढवला होता. "खाली घे वो!" असं गिरजाबाई तारेपलीकडून ओरडली आणि मग गावाकडे निघाली.

कंपनीच्या अहवालात लिहिलं गेलं की कामगाराने स्वतःच्या समजुतीने गावठी उपचार करून घेतल्यामुळे इजा वाढली. चष्म्यांबद्दल एवढंच, की ते पहिल्या दिवसापासून उपलब्ध होते. हे वाक्य खरं आहे. खऱ्या वाक्यांचा मला इतका संताप पूर्वी कधी आला नव्हता. लटारूला पहारेकऱ्याची जागा दिली. पहाऱ्याला एक डोळा पुरतो, असं कोत्तावार म्हणाल्याचं नईम सांगतो. पुढे कुरखेड्याकडच्या आश्रमशाळांसाठी तशाच तयार भिंतींचं काम निघालं, तिथे कोत्तावारला बढती देऊन पाठवलं. या सगळ्या प्रकरणात "माझं चुकलं" असं एकाच व्यक्तीने म्हटलं, आणि काम गेलं तेही त्याच व्यक्तीचं.

शहाऐंशीत मी गिरजाबाईला भेटलो. ती दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला जात होती. डोळ्यांचं काम तिने सोडलं होतं. तुसाचंही सोडलं. मी म्हणालो, "बाई, तुमच्यामुळे किती जणांचे डोळे वाचले."

"वाचले असन," ती म्हणाली. "पन लटारूचं घर रस्त्यावरच हाय. रोज तिथून जा लागते. तो ओट्यावर बसून ऱ्हायते. मी त्याच्या डाव्या अंगानं जातो. तिकून त्याले दिसत नाई."

ती पुढे म्हणाली, "पन पायाचा आवाज वळखते तो. 'काय काकी' म्हनते."

कोत्तावारला, कंपनीला, अठ्ठावीस दिवसांत घर मागणाऱ्यांना आणि त्या घरात राहून कमाल आहे म्हणणाऱ्या मला, त्या रस्त्याने कधी जावं लागलं नाही.